क्लच नवा, थरथर जुनीच

१. नवी प्लेट टाकूनही गाडी का थरथरते?

जुनी पिकअप बाळगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. क्लच घसरायला लागला म्हणून गाडी गॅरेजला लावली. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, नवी क्लच प्लेट आणि नवी प्रेशर प्लेट टाकली आणि गाडी परत दिली. रिकामी होती तोवर ती ठीक चालली. मग भरलेला पहिला फेरा निघाला, चढावर पहिला गिअर टाकून पेडल सोडलं आणि अख्खी केबिन थरथरली. मालक म्हणतो प्लेट डुप्लिकेट आहे, मिस्त्री म्हणतो चालवणाऱ्याचा पाय नीट पडत नाही. दोघांच्याही नजरेतून एक वस्तू सुटलेली असते. क्लच प्लेट दोन लोखंडी पृष्ठभागांच्या मध्ये दाबली जाते. त्यातला प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग नवा आला. दुसरा फ्लायव्हीलचा, तो मात्र गाडीइतकाच जुना राहिला.

फ्लायव्हील इंजिनाला बोल्टांनी जोडलेलं असल्यामुळे ते इंजिनाइतकंच टिकेल, असा एक समज आहे. त्याच्या घासणाऱ्या बाजूपुरता तरी तो खरा नाही. ती बाजू क्लच प्लेटसारखीच झिजते, आणि गिअरबॉक्स खाली आलेला असताना ती न तपासता गाडी परत जोडू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक गाडी डोळ्यांपुढे ठेवू: चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागच्या चाकांना जाणारी ताकद, दहा-पंधरा वर्षं झालेली पिकअप. १९८८ मध्ये टेल्कोने टाटामोबाईल आणली, २००० मध्ये महिंद्राची बोलेरो आली आणि पुढे तिची पिकअप. भाजी, दूध, मासळी बाजाराला पोचवण्याचं बरंच काम महाराष्ट्रात अशाच गाड्या करतात. एप्रिल-मेमध्ये देवगडच्या, रत्नागिरीच्या बाजूने हापूसच्या पेट्या भरून फोंडा घाट किंवा आंबा घाट चढताना त्या दिसतात. आपली गाडी त्यातलीच एक.

२. हे चाक करतं काय?

इंजिनाची ताकद सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. गाडी उभी आहे, इंजिन नुसतं चालू आहे आणि मिनिटाला ७५० फेरे घेतंय, असं धरा. सेकंदाला साडेबारा फेरे, म्हणजे २५ धक्के. एक धक्का ओसरतो न ओसरतो तोच पुढच्या सिलिंडरमधली हवा दाबण्याची वेळ येते, आणि डिझेल इंजिनात हवा फार जोराने दाबावी लागते. धक्का ओसरल्यावर ही हवा दाबायला ताकद आणायची कुठून?

जात्यावर दळताना हाताचा जोर फेऱ्याच्या एका भागात खुंट्यावर नीट बसतो, दुसऱ्या भागात तो जवळजवळ लागतच नाही. तरी वरची तळी एका लयीत फिरत राहते, कारण ती जड असते. जोर मिळतो तेव्हा ती गती घेऊन ठेवते आणि जोर नसतो तेव्हा तीच गती खर्च करते. फ्लायव्हील ही इंजिनाची वरची तळी आहे.

किती ताकद साठते याचा हिशेब सोपा आहे. १५ किलो वजनाची, ३० सेंटिमीटर व्यासाची भरीव चकती ७५० फेऱ्यांवर फिरत असेल तर तिच्यात सुमारे ५२० जूल ऊर्जा असते. जूल हे ऊर्जेचं माप. २५ किलोची आंब्याची पेटी जमिनीवरून एक मीटर उचलायला सुमारे २४५ जूल लागतात. म्हणजे नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनाच्या या चकतीत दोन पेट्या हौद्यात चढवण्याइतकी ऊर्जा साठलेली आहे. वेग दुप्पट केला की साठा चौपट होतो, वेग चौपट केला की सोळापट. ३००० फेऱ्यांवर त्याच चकतीत ८००० जूलहून जास्त ऊर्जा असते. हे आकडे पुढे सुरक्षिततेचा विषय निघेल तेव्हा ध्यानात असू द्या.

फिरण्यातली खोट भरून काढणं हे पहिलं काम झालं. दुसरं काम क्लचला जागा देण्याचं. फ्लायव्हीलची गिअरबॉक्सकडची बाजू सपाट असते, क्लच प्लेट तिच्यावर टेकते आणि मागून प्रेशर प्लेट ती दाबून धरते. पेडल सोडलं की प्लेट दोघांमध्ये आवळली जाते आणि इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्सला मिळतं. तिसरं काम गाडी सुरू करण्याचं. फ्लायव्हीलच्या कडेवर दात असलेली पोलादी कडी बसवलेली असते, तिला रिंग गिअर म्हणतात. स्टार्टर मोटरचं, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या सेल्फचं, छोटं दातेरी चाक या दातांत अडकतं आणि इंजिन फिरवतं.

३. झीज कशाने होते?

मुख्य कारण उष्णता. प्लेट आणि फ्लायव्हील एकाच वेगाने फिरत असतात तेव्हा त्यांच्यात घासणं नसतं. घासणं होतं ते वेग जुळेपर्यंतच्या सेकंदा-दोन सेकंदांत. सपाट रस्त्यावर नीट उचललेल्या गाडीत हा काळ इतका लहान असतो की फ्लायव्हील वर्षानुवर्षं चांगलं राहतं. नुकसान करतो तो हाफ क्लच.

घाटात पुढे ट्रक बंद पडलाय. रांग थांबते, जरा सरकते, पुन्हा थांबते. हँडब्रेक ओढायचा कंटाळा म्हणून चालक पेडल अर्धवट सोडून गाडी क्लचवरच धरून ठेवतो. गाडी आणि माल मिळून ३००० किलो, आणि चढ असा की दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडीला मागे ओढणारा जोर ३०० किलोच्या घरात जातो. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून क्लचचा पीळ साधारण २० पट वाढवतात असं धरलं, तर गाडी जागेवर धरायला क्लचला सुमारे ५० न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला पाच किलो वजन टांगल्यावर पडतो तेवढा हा पीळ. इंजिन १२०० फेऱ्यांवर फिरतंय आणि गाडी तर हललेलीच नाही, तेव्हा क्लचकडे आलेली सगळी ताकद, सहा किलोवॉटहून थोडी जास्त, उष्णता होऊन बसते. साधारण निम्मी फ्लायव्हीलमध्ये जाते, निम्मी प्रेशर प्लेटमध्ये. १५ किलोचं फ्लायव्हील एक अंशाने तापवायला सुमारे ७ किलोजूल लागतात. हिशेब केला तर अख्खं चाक मिनिटाला सुमारे २७ अंश तापतं. त्यात गाडीवर मेचा उन्हाळा आहेच.

हा झाला सरासरीचा हिशेब. खरं नुकसान सरासरीत दिसत नाही. उष्णता घासणाऱ्या पातळ थरात तयार होते आणि आतल्या लोखंडात पसरायला तिला वेळ लागतो. शिवाय प्लेट सगळीकडे सारखी टेकत नाही. जिथे ती जास्त टेकते तो भाग जास्त तापतो, तापल्याने किंचित फुगतो, फुगल्याने आणखी जास्त टेकतो. असे मोजके ठिपके क्षणभर ७०० अंशांच्याही पुढे जाऊ शकतात.

अशा जुन्या गाड्यांचं फ्लायव्हील बहुधा बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. घासण्याच्या कामाला बीड चांगलं. त्यात कार्बनचे बारीक पापुद्रे असतात, त्यामुळे पृष्ठभाग एकदम चिकटत नाही आणि उष्णताही बरी वाहून नेली जाते. पण तो लालबुंद ठिपका आजूबाजूच्या थंड बिडामुळे झपाट्याने निवतो आणि तिथल्या लोखंडाची घडणच बदलते. ठिपका काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, जागाही थोडी जास्त व्यापतो. मग पृष्ठभागावर निळसर काळे उंचवटे उभे राहतात. मिस्त्री त्यांना हॉट स्पॉट म्हणतात. नवी प्लेट या उंचवट्यांवर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. पहिल्या प्रश्नातली थरथर बऱ्याचदा इथून येते.

पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवयही असंच नुकसान करते, फक्त सावकाश. आणि प्लेटचं अस्तर पूर्ण संपेपर्यंत गाडी रेटली तर अस्तराचे रिबेट फ्लायव्हीलमध्ये गोल खाचा पाडतात. घसरणाऱ्या क्लचवर सीझन काढायचा मोह मोठा असतो, पण प्लेटच्या पैशात मिटणारं काम त्यापायी फ्लायव्हीलपर्यंत जातं.

४. गिअरबॉक्स उतरवण्याआधी

थरथर म्हटली की फ्लायव्हीलच, असं समजू नये. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसतात ती फाटली असतील तर गाडी उचलताना इंजिन डोलतं आणि त्याची जाणीव अगदी क्लचच्या थरथरीसारखीच होते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस सैल झाले असतील, मागच्या पाट्यांचे यू बोल्ट ढिले असतील, तरी तसंच. हे सगळं गाडीखाली सरपटून तासाभरात तपासता येतं, आणि गिअरबॉक्स उतरवणं हे दिवसाचं काम आहे. आधी सोपं पाहावं.

क्लच घसरतो की नाही याची चाचणी मोकळ्या, सपाट जागेत करावी. हँडब्रेक घट्ट ओढा, समोर कोणी उभं नाही ना ते पाहा, वरचा गिअर टाका आणि पेडल हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धडपडून बंद पडतं. ते चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. चाचणी एकदाच करा, ती स्वतःच क्लच तापवते.

अजून एक तपासणी आहे आणि ती फार थोडे लोक करतात. इंजिन बंद ठेवून कोणाला तरी क्लच दाबायला आणि सोडायला सांगा आणि तुम्ही पुढे क्रँकच्या पुलीकडे बघा. दाबल्यावर पुली नुसत्या डोळ्यांना पुढे सरकताना दिसली तर क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग गेलं आहे. तेव्हा फ्लायव्हीलवर खर्च करण्याआधी इंजिनाकडे वळावं लागेल. नाहीतर केलेलं सगळं काम वाया जातं.

गाडी सुरू करताना कधीकधी घर्र आवाज येऊन सेल्फ नुसताच फिरतो, आणि गाडी गिअरमध्ये टाकून जरा ढकलली की लगेच सुरू होते, असं घडत असेल तर रिंग गिअरचे दात गेलेत. त्याबद्दल पुढे.

५. उतरवताना

घरच्या अंगणात हे काम करता येतं का? येतं, पण एकट्याने नाही आणि नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही. गाडी पक्क्या स्टँडवर, चाकांना ठोकळे, आणि गिअरबॉक्ससाठी वेगळा ट्रॉली जॅक. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढायची, कारण सेल्फच्या जाड वायरमध्ये कायम करंट असतो. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करायची, म्हणजे तो होता तसाच परत बसेल.

गिअरबॉक्स मागे ओढताना तो जॅकवरून उतरून क्लच प्लेटवर लटकू देऊ नका. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट प्लेटच्या मधल्या दातांत अडकलेला असतो, त्यावर सगळा भार आला की प्लेट वाकते. नव्या प्लेटचा असा बळी बसवतानाही जातो.

क्लचमधली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवायची पद्धत गॅरेजमध्ये आहे. ती बंद व्हायला हवी. जुन्या अस्तरांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. त्यामुळे होणारे आजार पंचवीस-तीस वर्षांनीही उगवतात. ओल्या फडक्याने पुसावं, मास्क लावावा. गॅरेजमध्ये पाने धुणाऱ्या पोराला या धुळीतून लांब ठेवणं ही तिथल्या मोठ्या माणसांची जबाबदारी आहे.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकामागोमाग पूर्ण काढायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत जायचं, म्हणजे आतली स्प्रिंग सारखी सुटते आणि पत्रा वाकत नाही. मग फ्लायव्हील. काढण्याआधी फ्लायव्हील आणि क्रँक दोन्हींवर पंचने खूण करा. काही इंजिनांत दोघांचा तोल एकत्र साधलेला असतो. शेवटचा बोल्ट निघताना पंधरा किलोचं बीड सरळ पायावर येऊ शकतं, म्हणून दोन बोल्टांच्या जागी लांब स्टड लावून चाक त्यांच्यावरून सरकवत बाहेर घ्यावं.

६. उजेडात धरल्यावर

फ्लायव्हील आधी थिनरने किंवा ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवा. तेलकट असेल तर तेल कुठून आलं ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंजिनाच्या मागच्या बाजूचं क्रँकचं सील किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील, दोनपैकी एक गळत असतं. तेल लागलेली प्लेट घसरते, धरते, पुन्हा घसरते. अशा गाडीत फ्लायव्हील निर्दोष असूनही थरथर होते.

आता पृष्ठभाग. नखाने जाणवेल न जाणवेल अशा बारीक, केंद्राकडून कडेला जाणाऱ्या भेगा बहुतेक जुन्या फ्लायव्हीलवर असतात. त्या वरवरच्या असतील तर ग्राइंडिंगमध्ये निघून जातात. भेग नखात अडकते, कडेपर्यंत जाते किंवा बोल्टच्या भोकाला मिळते, तेव्हा चाक भंगारात. इथे घासाघीस नको. ४००० फेऱ्यांवर ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची कड ताशी २२५ किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असते, आणि ते चाक चालकाच्या पायांजवळ आहे. भेगाळलेल्या फ्लायव्हीलला वेल्डिंग मारून चालवणं हा मृत्यूशी खेळ आहे. कोणी कितीही खात्री दिली तरी मान्य करू नका.

सपाटपणा पाहायला सरळ पोलादी पट्टी पृष्ठभागावर आडवी धरा आणि खालून फीलर गेज, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पट्ट्या, सरकवून बघा. झिजलेला पृष्ठभाग बशीसारखा खोलगट झालेला असतो. चाक डगमगत फिरतं का ते मात्र ते क्रँकवर असतानाच डायल गेजने कळतं, म्हणून हे माप काढण्याआधीच घेतलेलं बरं. बऱ्याच गाड्यांत ही मर्यादा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा, कारण अंदाजाने ठरवायची ही गोष्ट नाही. चाक नवं असूनही डगमगलं तर बहुधा क्रँकच्या तोंडावर गंज किंवा कचरा राहिलेला असतो.

७. लेथ की ग्राइंडिंग?

जाडी पुरेशी आहे, भेगा वरवरच्या आहेत, म्हणजे चाक वाचवता येतं. गाव तिथे लेथ असतो, आणि लेथवर फेसिंग मारून घेणं हा सर्वांत स्वस्त मार्ग. पृष्ठभाग नुसताच खोलगट किंवा खाचा पडलेला असेल तर चांगला लेथवाला हे काम नीट करतो. हॉट स्पॉट असतील तर मात्र लेथ कमी पडतो. लेथचं हत्यार मऊ बीड सहज कापतं, कडक ठिपक्यावर आलं की किंचित वर उचललं जातं आणि ठिपका उंचच राहतो. कापलेलं चाक चकचकीत दिसतं, उंचवटे डोळ्यांना दिसत नाहीत, गाडीत बसल्यावर जाणवतात. ग्राइंडिंगचा फिरता दगड मऊ-कडक असा भेद फारसा करत नाही, सगळं एका पातळीत आणतो. म्हणून डाग पडलेल्या फ्लायव्हीलला ग्राइंडिंगच करावं.

त्यासाठी मोठ्या गावात जावं लागलं तरी जावं. आपली आंब्याची गाडी घाट चढून कोल्हापुरात पोचतेच, आणि कोल्हापूर तर बिडाच्या ओतकामाचं गाव. तिथल्या फाउंड्र्यांत गाड्यांचे ओतीव भाग तयार होतात आणि शिवाजी उद्यमनगरात असं यंत्रकाम करणारी माणसं पिढ्यानपिढ्या बसलेली आहेत. ग्राइंडिंग झाल्यावरही काळे ठिपके दिसत राहिले तर कडकपणा खोल गेला आहे, आणि अशा चाकावर पैसे घालण्यात अर्थ नाही. थोड्या दिवसांत ठिपके पुन्हा वर येतात.

कामाला देताना एक गोष्ट स्वतः सांगायची. काही फ्लायव्हीलमध्ये प्लेट टेकते ती जागा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात ती कड एकाच पातळीत असतात, काहींमध्ये त्या दोन पायऱ्या असतात. पायरीच्या चाकात फक्त प्लेटची जागा अर्धा मिलिमीटर कापली आणि कड तशीच ठेवली, तर प्लेट अर्धा मिलिमीटर आत जाते आणि प्रेशर प्लेटची स्प्रिंग तिला ठरलेल्या जोराने दाबू शकत नाही. बसवल्या दिवसापासून क्लच घसरण्याचा धोका. तेव्हा जेवढं एका जागेवरून निघेल तेवढंच दुसऱ्या जागेवरूनही निघालं पाहिजे. सगळ्या कापकामानंतर उरलेली जाडी कंपनीने दिलेल्या किमान जाडीच्या खाली जाता कामा नये.

कागदासारखी मिळणारी पातळ शिम टाकून खोली भरून काढणं, एमरी पेपर हाताने घासून डाग पुसणं, हे उपाय सुचवले जातात. हाताने घासून चकाकी जाते, उंचवटा जात नाही.

आणि एक इशारा. नव्या काही डिझेल गाड्यांत दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं, त्याला ड्युअल मास म्हणतात. या प्रकरणातलं कापकाम त्याला लागू होत नाही. ते बिघडलं की सहसा बदलावंच लागतं.

८. रिंग गिअरचे दात

चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना वाटेल तिथे थांबत नाही. दाबलेली हवा त्याला अडवते आणि ते बहुतेक वेळा दोनपैकी एका जागी, अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर, थांबतं. म्हणून सेल्फचं चाक नेहमी त्याच दोन जागच्या दातांवर आदळतं आणि झीज तिथेच साचते. बाकीचे दात नवे असल्यासारखे असतात. गाडी गिअरमध्ये ढकलल्यावर ती सुरू का होते, याचं उत्तर हेच आहे: चांगले दात सेल्फसमोर आले.

फ्लायव्हील बाहेर आहेच, तर कडी बदलून घ्यावी. ती चाकावर आवळून बसलेली असते, बोल्ट नसतात. जुनी कडी दोन दातांच्या मध्ये भोक पाडून छिन्नीने तोडतात. नवी कडी तापवून बसवतात. ३०० मिलिमीटर आतला व्यास असलेली पोलादी कडी २०० अंशांनी तापवली तर व्यास सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतो. तेवढ्यात ती चाकावर सहज उतरते आणि निवताना घट्ट आवळते. तापवताना सगळीकडून सारखं तापवायचं. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर फिका गवती पिवळा रंग आला की पुरे. रंग निळ्याकडे गेला तर दातांचा कडकपणा उतरायला लागला असं समजा. गॅसची ज्योत एकाच जागी धरून कडी लाल करणाऱ्याला हे काम देऊ नका. दातांना एका बाजूला उतार दिलेला असतो, तो सेल्फ ज्या बाजूने आत येतो तिकडे ठेवायचा. पैशाची फारच ओढाताण असेल आणि उरलेले दात खरंच चांगले असतील तर तीच कडी तापवून पाव फेरा फिरवून बसवता येते. सेल्फचं छोटं चाकही तेव्हाच तपासा, कारण खराब चाक नव्या कडीचे दात लवकर खातं.

९. बदलायचं ठरलं तर

नवं फ्लायव्हील मागवताना गाडीच्या नावावर भागत नाही. त्याच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन आणि क्लचचा आकार बदललेला असतो. इंजिन नंबर द्या आणि जुनं चाक शेजारी ठेवून बोल्टची भोकं, रिंग गिअरच्या दातांची संख्या, प्लेटच्या जागेचा व्यास आणि एकूण जाडी जुळवून पाहा.

जुन्या बाजारातलं फ्लायव्हील स्वस्त असतं. घ्यायला हरकत नाही, पण ते आपल्या जुन्या चाकाच्या सगळ्या कसोट्यांना लावून आणि तोल तपासून घ्यावं. तोलाला इतकं महत्त्व का, ते आकड्यात बघा. कडेजवळ, केंद्रापासून १५ सेंटिमीटरवर, फक्त १० ग्रॅम वजन जास्त असेल तर ३००० फेऱ्यांवर ते चाकाला बाहेरच्या बाजूला सुमारे १५ किलोच्या जोराने ओढतं, आणि या ओढीची दिशा सेकंदाला ५० वेळा पूर्ण फिरते. तो मार क्रँकच्या बेअरिंगांवर बसतो.

१०. परत जोडताना

मजुरी मुख्यतः गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची असते. म्हणून त्या आडोशाला असलेले छोटे भाग याच वेळी बदलावेत: क्रँकचं मागचं सील, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग किंवा बुश. हे सुटे भाग फ्लायव्हीलच्या तुलनेत स्वस्त आहेत आणि त्यांच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं महाग आहे.

क्रँकचं तोंड आणि फ्लायव्हीलची मागची बाजू एकही कण न ठेवता पुसायची. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायचे. अनेक इंजिनांत हे बोल्ट एकदाच वापरण्याचे असतात, तिथे नवेच घ्यावेत. बोल्टांची भोकं आत इंजिनाच्या तेलापर्यंत उघडी असतील तर पेचांवर सीलंट लावावं लागतं, नाहीतर नव्या प्लेटवर तेल येतं आणि सगळं मुळापासून करावं लागतं.

प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. उलटी बसलेली प्लेट मधल्या उंचवट्याने फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासते. प्लेट मधोमध धरायला जुन्या शाफ्टचा तुकडा किंवा लाकडी दांडा चालतो, नुसत्या नजरेचा भरवसा नको. घासणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांना ग्रीसच्या हाताने शिवू नका. शाफ्टच्या दातांवर ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो, जास्त लावलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स चढवताना तो शेवटच्या दोन बोटांवर अडकला तर बोल्ट आवळून ओढू नये. शाफ्ट थोडा फिरवून, जॅकचा कोन जुळवून तो हाताने जागेवर गेला पाहिजे.

नव्या क्लचचे पृष्ठभाग एकमेकांशी बसायला वेळ लागतो. पहिले काहीशे किलोमीटर पूर्ण भार टाळावा, घाट तर टाळावाच, आणि सपाट रस्त्यावर वारंवार थांबत-निघत गाडी चालवावी. फ्लायव्हील जितकं कापलं तितका क्लच इंजिनाकडे सरकतो आणि रिलीज बेअरिंगचं अंतर बदलतं. त्यामुळे केबलच्या क्लचमध्ये पेडलची मोकळी चाल जोडल्या दिवशी एकदा आणि प्लेट थोडी बसल्यावर पुन्हा एकदा मोजून जुळवावी. ती चाल शून्यावर आली तर बेअरिंग कायम टेकून राहतं, प्रेशर प्लेटचा दाब पूर्ण बसत नाही आणि नुकतंच ग्राइंड केलेलं फ्लायव्हील पुन्हा तापू लागतं.